चार सेकंदांची चाहूल

१

आमचं ऑफिस फरीदाबादला, बाटा चौक मेट्रोपासून रिक्षाने दहा मिनिटांवर. तिसऱ्या मजल्यावर आम्ही, खाली गोदाम, आणि शेजारच्या प्लॉटवर पत्र्याचे भाग ठोकणारा कारखाना. त्याचा प्रेस सकाळी नऊपासून ठोके देत असतो. नव्या माणसाचं पहिले दोन दिवस डोकं दुखतं, मग त्याला ते ऐकूच येत नाही. एक वाजता जेवणाच्या सुट्टीसाठी प्रेस थांबला, की मात्र सगळ्यांच्या माना एकदम वर होतात.

आम्ही एकच वस्तू बनवतो. घरी असलेल्या पेशंटच्या छातीला बांधायचा पट्टा, आणि त्याला वायरने जोडलेली मुठीएवढी डबी. डबीवर छोटा स्क्रीन. पेशंटचा श्वास पंधरा सेकंद थांबला, की ती जोरात वाजते. पट्टा काढला की डबी झोपते, कारण बॅटरी वाचवायची असते. पट्ट्याचं बक्कल लावलं, किंवा डबीवरचं बटण दाबलं, की जागी होते.

गेल्या हिवाळ्यात जुनी चिप बाजारात मिळेनाशी झाली. नवी चिप घ्यायची ठरलं, आणि डबीला झोपेतून उठवणारा कोड नव्याने लिहायचं काम माझ्याकडे आलं. माझा बॉस राघव पुण्याचा. तो म्हणाला, "लुंबिनी, तो कोड असेंब्लीत आहे. चारशे बारा ओळी. कुणी हात लावत नाही त्याला. तू सिम्पल करून दे यार. आणि उठायला चार सेकंद लागतात, ते कमी कर. लोक बक्कल लावतात आणि काळ्या स्क्रीनकडे बघत बसतात."

असेंब्ली म्हणजे प्रोसेसरला एकेक बारीक हुकूम द्यायची भाषा. हे इथून उचल, तिथे ठेव, शून्य आहे का बघ, असेल तर तिकडे जा. झोपलेल्या यंत्राला उठवताना दुसरी कुठली भाषा चालत नाही, कारण ती समजायला लागणारं बाकी सगळं तेव्हा अजून झोपलेलं असतं.

तो कोड पद्माकर रानवडे यांनी लिहिला होता. मी कंपनीत लागले त्याच्या चार वर्षं आधीच ते रिटायर झालेले. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण पहिल्या दिवशी तो कोड उघडला आणि संध्याकाळपर्यंत जेवायची आठवण झाली नाही. लिहिणारा माणूस घाईत कधीच नव्हता. आधी घड्याळ सुरू करायचं, ते स्थिर झालंय का पाहायचं. मग मेमरी. मग झोपण्याआधी प्रोसेसरच्या हातात जे जे होतं, ते त्याच क्रमाने परत त्याच्या हातात द्यायचं. आजारी माणसाला उठवून बसवताना आधी पाठीला हात, मग उशी, मग चष्मा, तसं.

प्रत्येक तुकड्यावर एक ओळ मराठीत होती. इंग्रजी अक्षरांत लिहिलेली, पण मराठी. 'घाई नको, घड्याळ अजून डुलतंय.' 'इथे एकदा चुकलो होतो.' फरीदाबादच्या त्या खोलीत, एसीच्या घरघरीत, मला कुणीतरी मराठीत हळू आवाजात समजावून सांगतंय असं वाटायचं.

२

दोन आठवड्यांत मी चारशे बाराच्या अठ्ठ्याऐंशी ओळी केल्या. यात माझं कौतुक कमी. जुन्या चिपला जे हाताने करावं लागे, त्यातलं अर्धं नवी चिप स्वतःच करते. बाकीचं रानवडे सरांनी इतकं स्वच्छ मांडलं होतं, की काय काढायचं ते आपोआप दिसत होतं.

एकाच तुकड्याशी मी अडले. एकसष्ट ओळींचा.

डबीच्या मेमरीत एक राखीव जागा आहे. पेशंटचा शेवटच्या दोन मिनिटांचा श्वास तिथे साठतो, आणि त्यावरून दर मिनिटाला किती श्वास ते स्क्रीनवर दिसतं; वाजायचं की नाही, तेही डबी त्यावरूनच ठरवते. झोपण्याआधी कोड ही जागा पुसून कोरी करतो. ते बरोबर आहे. पण उठल्यावर रानवडे सरांचा कोड चार सेकंद नुसता थांबत होता, काहीही न करता, आणि मग तीच जागा पुन्हा एकदा पुसत होता. झोपेत सेन्सर बंद असतो. कोऱ्या जागेत काही लिहिलं जाणं शक्यच नाही. मग कोरी पाटी दुसऱ्यांदा का पुसायची?

शिवाय पुसण्याची पद्धत विचित्र होती. मेमरी पुसताना आपण बहुतेक वेळा पुसल्यावर वाचून बघतो, की नीट पुसलं का. या एका ठिकाणी सरांनी कुठेही वाचलं नव्हतं. प्रोसेसर चुकूनसुद्धा त्या जागेतलं काही वाचणार नाही, यासाठी मधल्या सगळ्या वाटा मुद्दाम बंद केल्या होत्या. जवळजवळ चाळीस ओळी त्यातच गेल्या होत्या. आणि वर लिहिलं होतं:

'चाहूल द्या. थांबा. मग पुसा. वाचू नका.'

मी दिल्लीत वाढले. घरी मराठी बोलतो, पण काही शब्द माझ्यापर्यंत पोचलेच नाहीत. सरिता विहारला घरी आल्यावर मी बाबांना विचारलं, "बाबा, चाहूल म्हणजे काय?"

बाबा, राजाराम रामटेके, एका मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून रिटायर झालेले. भाजी निवडता निवडता म्हणाले, "कुणी येत असलं ना, की ते दिसायच्या आधी कळतं. पावलाचा आवाज, बांगड्यांचा आवाज. ती चाहूल. कुठे वाचलास हा शब्द?"

"ऑफिसच्या कोडमध्ये."

"अच्छा," बाबा म्हणाले, आणि मान न उचलता हसले. "सरकारी फायलीत नव्हता कधी आला."

दुसऱ्या दिवशी मी त्या एकसष्ट ओळी काढून टाकल्या. डबी सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात उठायला लागली. राघवने बक्कल लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "कमाल," तो म्हणाला. "बिल्कुल मक्खन."

३

कोड बदलला की मेमरीत काय आहे ते संगणकावर काढून बघायची माझी सवय आहे. त्या दिवशी सकाळी साडेदहाला मी डबीला एक तास झोपवलं, साडेअकराला उठवलं, आणि ती राखीव जागा आलेखावर काढली.

सरळ रेघ यायला हवी होती. आली ती लाट. वर जाते, खाली येते. मिनिटाला सोळा.

मी सेन्सरची वायर तपासली. वायर जोडलेलीच नव्हती. पट्टा टेबलावर गुंडाळून पडला होता.

आधी वाटलं, शेजारच्या प्रेसचा हादरा. पण प्रेसचे ठोके मिनिटाला चाळीस आणि घड्याळासारखे सारखे. इथे वर जाणारी बाजू लहान होती, उतरणारी लांब, आणि कुठलेही दोन चढ एकसारखे नव्हते. मग वाटलं, जुना डेटा राहिला असेल. मी कोरी करकरीत चिप काढून दुसरी डबी बांधली, जिला कधी कुठला पट्टा लागलाच नव्हता. ती बाहेरच्या स्टीलच्या कपाटात ठेवली, कपाट बंद केलं, तासाने उठवलं. पुन्हा लाट. आणि सुमारे दीड मिनिटापाशी एक मोठा चढ, बाकीच्यांच्या दुप्पट, मग पुन्हा नेहमीसारखं.

तो चढ बघून मी खुर्ची मागे सरकवली. माणूस मधूनच एक खोल श्वास घेतो. आपल्याला कळत नाही, पण घेतो. मी सहा वर्षं श्वासांचेच आलेख बघतेय.

आणखी एक गोष्ट होती. लाट कधीच पूर्ण होऊन संपत नव्हती. जिथे मी डबी उठवली, तिथे ती कापल्यासारखी तुटत होती. कधी चढताना, कधी अगदी शेंड्यावर. जसं कुणी श्वास घेत असतानाच दिवा लागावा.

नऊ दिवस मी हे करत राहिले. कुणाला नीट सांगितलं नाही, कारण सांगायचं काय? मनाशी कारणं मांडत गेले. मेमरीला झोपेतही बारीकसा वीजपुरवठा असतो, त्यात चढउतार होत असेल. खोलीतल्या एसीची लहर येत असेल. प्रत्येक कारण अर्धं पटायचं. दहाव्या दिवशी राघवला एवढंच म्हटलं, "उठल्यावर त्या जागेत थोडा कचरा दिसतोय."

"जुना डेटा असेल," तो म्हणाला. "नवा श्वास भरला की दोन मिनिटांत वाहून जाईल ना? मग ट्रायलला देऊ. नंतर बघू."

मी हो म्हटलं. ते हो माझं आहे, राघवचं नाही.

४

ट्रायलची डबी सिद्धांत गजभियेने घरी नेली. तो आमच्याकडे टेस्टिंग बघतो. त्याची आई प्रभावतीबाई अमरावतीची, फुप्फुसाच्या आजाराने तीन वर्षं अंथरुणाला. मध्येच त्यांचा श्वास अडकतो. जुनी डबी त्यांच्यासाठी अनेकदा वाजली होती, आणि दरवेळी घरातलं कुणीतरी धावून त्यांना कुशीवर वळवत असे.

मंगळवारी दुपारी चारला सिद्धांतचा फोन आला. आवाज सपाट होता. "आई ठीक आहे. पण तू ये."

त्यांच्या घरी त्याची बायको दीपमाला पलंगाशी बसली होती, सासूचा हात धरून. तिने सांगितलं ते असं. तीन वाजता चहा झाला. चहासाठी पट्टा काढला होता, तो पुन्हा बांधला. प्रभावतीबाईंना औषधाची गुंगी होती, पडल्या पडल्या डोळा लागला. दीपमाला तिथेच कपड्यांच्या घड्या करत होती. स्क्रीनवर सोळा आकडा होता, हिरव्या रंगात. तिचं लक्ष सहज आईंच्या ओठांकडे गेलं, तर ते निळसर.

"मी हात लावून बघितलं, तर छाती हलतच नव्हती," दीपमाला म्हणाली. "आणि ताई, हे तर दाखवत होतं सोळा. मी आकड्याकडे बघू की आईकडे?"

तिने त्यांना उठवून पाठीवर चापट्या मारल्या, तेव्हा श्वास आला.

मी डबीतली नोंद काढली. सेन्सरने आपलं काम चोख केलं होतं. पट्टा बांधल्यावर पहिल्या दोन मिनिटांतच प्रभावतीबाईंचा श्वास एकतीस सेकंद बंद होता. पण त्या राखीव जागेत आधीपासून जो श्वास होता, तो डबीने त्यांचाच धरला. कुणीतरी शांतपणे, नियमित, मिनिटाला सोळा वेळा श्वास घेत होतं. डबीला वाजायचं कारणच नव्हतं.

मी डबी खाली ठेवली आणि डोळे पुसले. प्रभावतीबाईंनी मला जवळ बोलावलं. आवाज फुटत नव्हता, तरी बोलल्या.

"पोरी, रडू नको. तुझं यंत्र चांगलं आहे. पण आज ते माझ्याकडं बघत नव्हतं गं."

५

त्याच संध्याकाळी मी राघवला सांगून ट्रायल थांबवली, रानवडे सरांचा नंबर मिळवला, त्यांना फोनवर प्रभावतीबाईंबद्दल सांगितलं, आणि गुरुवारी सकाळच्या गाडीने पानिपतला गेले. सर तिथे मुलीकडे राहतात. तळमजल्यावर कुणाचे तरी यंत्रमाग, वर घर. जिन्यात सुताची धूळ. त्यांनी स्वतः दार उघडलं. सत्तरीपुढचे, बारीक, स्वेटरची सगळी बटणं लावलेले.

"रामटेके ना? या. आधी पाणी प्या." मी त्यांच्या नातीच्या वयाची असेन, पण ते शेवटपर्यंत मला तुम्हीच म्हणाले.

मी कोडचे कागद पुढे ठेवले. त्यांनी चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवून वाचायला लागले.

"किती झाल्या?"

"अठ्ठ्याऐंशी, सर."

"चारशे बाराच्या?" त्यांचा चेहरा उजळला. "वा. हे बघा, इथे मी घाबरून दोनदा लिहिलं होतं, तुम्ही एकदाच लिहिलंत. आणि हा क्रम उलटवलात, हा तर मला सुचलाच नसता." कुणी माझ्या कामाकडे इतक्या आनंदाने कधी पाहिलं नव्हतं. मला लाज वाटत होती, तरी ते ऐकत राहावंसं वाटत होतं.

मग बोट थांबलं.

"इथे काहीतरी होतं."

"हो सर. मी काढलं."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "ती जागा वाचलीत तुम्ही?"

"हो."

"किती दिवस?"

"नऊ."

"मी अकरा," ते म्हणाले. खालचे माग एका लयीत चालले होते. "पाच चिपा बदलल्या. मेमरी बदलली. डबी घरी नेऊन तिथेही करून पाहिलं. मग एके दिवशी लक्षात आलं, की मी रोज एक दार ढकलून आत शिरतोय, आणि आत कुणीतरी आहे."

"कोण आहे सर?"

"ते मी विचारलं नाही."

ते अगदी साधेपणाने म्हणाले, "अहो, चुकून दुसऱ्याच्या खोलीत शिरलो, तर आपण काय करतो? माफ करा म्हणतो आणि दार लावून घेतो. कोण झोपलंय ते वाकून बघत नाही. आपलं यंत्र झोपतं, तेव्हा ती जागा रिकामी राहते. कुणी तिथे टेकत असेल, तर टेको. पण उठवायच्या आधी त्याला कळायला तर हवं, की आपण येतोय. आणि पेशंटच्या जागेत त्याचं काही राहायला नको. म्हणून थांबायचं, मग पुसायचं."

"चारच सेकंद कसे ठरवले?"

"एकापासून सुरुवात केली. पुरेना. चारला शांत झालं."

"शांत म्हणजे?"

"तुम्ही करून बघा," सर म्हणाले. "एकदाच. मग वाचायचं सोडून द्या. आणि त्या आजींना माझा नमस्कार सांगा. चूक तुमच्याइतकीच माझी आहे. मी कारण लिहून ठेवायला हवं होतं. लिहायला बसलो की शब्द हास्यास्पद वाटायचे."

निघताना ते जिन्यापर्यंत आले. "बाकीच्या ओळी मात्र सुंदर आहेत," म्हणाले. "फार सुंदर."

६

शुक्रवारी मी तो तुकडा परत घातला. एकसष्ट ओळींऐवजी नऊच लागल्या, कारण नव्या चिपमध्ये एखाद्या जागेचं वाचन एका हुकमात बंद करता येतं. आधी चार सेकंद थांबणं, मग पुसणं. फक्त त्या एका चाचणीसाठी, पुसण्याआधी आलेख काढायची वाट उघडी ठेवली.

पट्टा बक्कल लावून, गोल, टेबलावर ठेवला होता. वायर काढून खणात ठेवली होती. बारा वाजता डबी झोपवली, एक वाजता उठवली.

बटण दाबलं आणि त्याच वेळी शेजारचा प्रेस थांबला. खोली एकदम मोकळी झाली. बाहेरच्या टेबलांवर जेवणाचे डबे उघडल्याचे आवाज येत होते.

स्क्रीनवर एक, दोन, तीन, चार. मग आलेख आला. सोळाची लाट, नेहमीची. आणि घड्याळ जागं झालं त्या क्षणापासून शेवटचे चार सेकंद सरळ रेघ. पण ती रेघ खाली शून्यावर नव्हती. लाट अर्धी चढली होती, आणि तिथेच, वर, थांबली होती. आत घेतलेला श्वास तसाच धरून ठेवल्यासारखी.

व्होल्टेज, मी मनाशी म्हटलं. चिप उठताना व्होल्टेज अडकतं, म्हणून.

पुसण्याचा हुकूम अजून गेला नव्हता. चाचणीसाठी तो मीच माझ्या हाताखाली अडवून ठेवला होता. आणि डोळ्याच्या कडेला मला पट्टा दिसला. तो गोल असतो तेव्हा त्याचं इलॅस्टिक सैल पडून जरा चपटं होतं. आता ते चपटं नव्हतं. ताणलेलं होतं, चारी बाजूंनी सारखं, आतून कुणीतरी भरून काढल्यासारखं. हलत नव्हतं. वाट बघत होतं.

मी तिकडे मान वळवली नाही. पाहिलं असतं, तर कदाचित काहीच नसतं. कदाचित असतं. मला रानवडे सरांचा चेहरा आठवला, स्वेटरची बटणं आठवली. मी मराठीत, मोठ्याने म्हटलं, "माफ करा," आणि कळ दाबली.

इलॅस्टिक टेबलावर टेकल्याचा आवाज झाला. अगदी बारीक.

राघवने चार सेकंद परत आलेले पाहिले आणि तोंड उघडलं. मी प्रभावतीबाईंची नोंद त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती वाचली, मग म्हणाला, "ठीक आहे. स्क्रीनवर 'थांबा' असं लिहू. लोक थांबतील." सत्त्याण्णव ओळींचा कोड पक्का झाला. सिद्धांतने नवी डबी स्वतःच्या हाताने आईला लावली. चौथ्या दिवशी ती वाजली, वेळेवर, आणि दीपमालाने मला फोन करून तो आवाज ऐकवला. इतका कर्कश आवाज मला कधी इतका गोड लागला नव्हता.

७

पहिल्या खेपेला चारशे डब्या जायच्या होत्या. त्याच्या आदल्या दिवशी, सकाळी अकराला, सिद्धांत माझ्या टेबलाशी आला. हातात छापलेले कागद.

"यार, एक घोळ झाला. दहा डब्यांवर तुझा चाचणीवाला कोड चढला. तो आलेख काढणारा. काही बिघडलं नाही, पक्का कोड आता परत चढवतो. पण म्हटलं, तुला दाखवावं." त्याने कागद माझ्यापुढे पसरले. "दहाही एकाच बाकावर एकाच वेळी झोपवल्या होत्या. आणि तू प्रत्येकीत वेगळा नमुना टाकलायस! मस्त आहेत. एकदम खऱ्यासारखे."

मी सिद्धांतला कधी खरं सांगितलं नव्हतं. त्याला वाटलं होतं, चाचणीसाठी खोटे श्वास मीच भरलेत.

मला आजवर वाटत होतं, तिथे कुणीतरी एक आहे.

पहिला कागद संथ, खोल, मिनिटाला अकरा. दुसऱ्यात दर तिसऱ्या श्वासाला अडखळ, दम्याच्या माणसाची असते तशी. तिसरा नुकताच पळून आल्यासारखा. चौथा, पाचवा. सहाव्यात घोरण्याची थरथर. दहा कागद, दहा जण, एका बाकावर. आणि प्रत्येकाच्या शेवटी ती सरळ रेघ, चार सेकंदांची. चाहूल लागली आणि सगळे एकदम गप्प झाले.

"फक्त हा दहावा बघ," सिद्धांतने शेवटचा कागद पुढे ओढला. "हा बाळाचा आहे ना? चाळीसचा रेट. सही केलायस. पण यात तू शेवटी थांबवायला विसरलीस."

दहाव्या कागदावर बारीक, भराभर लाटा होत्या. त्या शेवटच्या चार सेकंदांतही तशाच चालू होत्या. कागदाच्या कडेपर्यंत.

शेजारचा प्रेस ठोके देत होता. मला तो पुन्हा ऐकू यायला लागला होता.

"विसरले नाही," मी म्हटलं. "तेवढ्या लहानाला श्वास धरता येत नाही."

सिद्धांत हसला. "इतकं बारीक कोण बघतं यार."

मी त्याच्याबरोबर बाकाशी गेले. नऊ डब्यांवर पक्का कोड मी स्वतः चढवला. प्रत्येक वेळी थांबले, चार सेकंद, नजर खिडकीबाहेर ठेवून. दहावी डबीही पुन्हा झोपलेली होती. तिच्यावर कोड चढवायचा तर तिला उठवावं लागलं असतं, आणि उठली की पुसावं लागलं असतं.

"हिचं काय?" सिद्धांतने विचारलं.

"ही राहू दे. नापास लिही."

"कारण काय लिहू?"

"काहीही लिही. बक्कल ढिलं आहे म्हण."

तीनशे नव्व्याण्णव डब्या गेल्या. त्या नीट चालताहेत. वाजायच्या तेव्हा वाजतात, आणि त्यांच्यापैकी किती डब्या रात्री-दुपारी कुणाकुणासाठी जाग्या होतात, याचे मेल राघव सगळ्यांना पाठवतो. झोपलेल्या असताना त्यांच्यात कोण असतं, ते मी पाहिलेलं नाही. पाहणार नाही.

दहावी माझ्या खणात आहे. तिची बॅटरी पंचवीस दिवस पुरते, म्हणून दर तीन आठवड्यांनी मी तिला चार्जरला लावते. वायर लावताना बटणाला धक्का लागणार नाही असं धरते, आणि खण हळू ढकलते. मंगळवारी राघव म्हणाला, जागा कमी पडतेय, जुना माल भंगारात द्या. मी म्हटलं, माझ्या खणात भंगार काही नाही.